त्रेचाळीस कैलासवासी झाडं आणि एक लिची

ओंकार उतेकरने आपल्या पणजोबांना 'कोकणच्या लिचीचे जनक' केलं ते एका बुधवारी, जेवणानंतर, अर्ध्या तासात. महाडच्या साप्ताहिकाचे संपादक रामजीकाका यांना गुरुवारच्या अंकात दीड रकाना भरायचा होता आणि ओंकारकडे एक पेटी, एक आजी आणि भरपूर वेळ होता. लेखाच्या शेवटी त्याने लिहिलं, 'पोलादपूरच्या डोंगरात हैबतरावांनी लावलेलं ते लिचीचं झाड आजही उभं आहे, आणि आजही फळं देतं.' यातलं 'उभं आहे' इथपर्यंत खरं होतं. पुढचं त्याने वाक्याला बरा शेवट हवा म्हणून जोडलं.

एकतीस वर्षांच्या आयुष्यात ओंकारने बऱ्याच गोष्टींना असे शेवट जोडायचा प्रयत्न केला होता. स्पर्धा परीक्षा दोनदा दिली. मग अळंबीची शेड घातली. तीत अळंबी सोडून सगळं उगवलं. मग किल्ल्यांवर यूट्यूब चॅनल काढलं, त्याला एकशे चौदा माणसं लाभली, त्यातले बरेचसे उतेकर. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात तो तीन आठवडे होता. तो गेल्यावरही कारखाना चालू राहिला, याचं त्याला थोडं वाईट वाटलं. सध्या तो महाडच्या एका वाचनालयात हंगामी सहायक होता, म्हणजे पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होता, आणि बिरवाडीला नीलेश नावाच्या मित्राच्या खोलीत राहत होता. नीलेश अजून त्याच कारखान्यात टिकून होता. त्या विषयावर दोघं बोलत नसत.

पेटी सापडली ती दिवाळीत. पोलादपूरच्या वर, जीपरस्ता संपतो तिथून पुढे पाऊण तास चढलं की आडाचा कोंड ही डोंगरातली वाडी लागते. तिथे ओंकारची आजी बनुबाई दोन म्हशी, एक गोठा आणि चौऱ्याऐंशी वर्षं सांभाळून राहते. गोठ्याच्या माळ्यावरून वैरण काढताना ओंकारच्या डोक्याला पेटीचा कोपरा लागला. पुढे त्याने लेखात याला 'संशोधनाअंती' असं म्हटलं.

पेटीत हैबती उतेकरांची सगळी कागदपत्रं होती. हैबती मराठी चौथी शिकलेले शेतकरी. एकोणीसशे एकतीस साली ते महाबळेश्वरला कसल्याशा कामाला गेले आणि एका साहेबाच्या बागेत त्यांनी पीचचं झाड पाहिलं. परत येताना आंबेनळी घाट उतरता उतरता त्यांनी विचार केला, की डोंगर तर तोच आहे, आपण फक्त त्याच्या खालच्या अंगाला राहतो. या एका विचारापायी त्यांनी पुढची सव्वीस वर्षं पीच, लोकाट, नासपती, ऑलिव्ह, जपानी फळ आणि अशी एकंदर चव्वेचाळीस प्रकारची झाडं कुठून कुठून मागवून कोंडावर लावली. प्रत्येकाची नोंद ठेवली: किती खड्डा, कुठलं शेण, कधी पाऊस.

चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस मेली.

हे ओंकारला लगेच कळलं नाही. त्याला आधी दिसलं ते असं, की पेटीतल्या पोस्टकार्डांचे कोपरे फाटलेले आहेत. वाचनालयात काम करत असल्यामुळे त्याने तज्ज्ञपणे ठरवलं की उंदीर. नंतर त्याच्या लक्षात आलं, की सव्वीस वर्षं उंदीर उजवीकडचा वरचाच कोपरा खात आले आहेत. मग त्याने कार्डं वाचली.

मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचा, ही पूर्वीची रीत. कोपरा बघितला की कळायचं. असं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडून टाकायचं. हैबतींनी प्रत्येक झाड मेल्यावर, ते ज्याच्याकडून घेतलं त्या रोपवाटिकेला असं कार्ड पाठवलं होतं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपणांकडील नासपती अल्पशा आजाराने काल पहाटे वारली.' आणि प्रत्येक कार्डाची नक्कल स्वतःजवळ ठेवली होती. नक्कल म्हणजे हुबेहूब नक्कल, तेव्हा तिचाही कोपरा फाडला होता. ही कार्डं घरात नकोत म्हणून बायकोने पेटी गोठ्यात टाकली, आणि ती तिथेच राहिली.

रोपवाटिकांची उत्तरंही होती. सहारनपूरकडच्या एका रोपवाटिकेत जो कोणी कारकून होता, तो फक्त कोपरा बघत असावा, मजकूर नाही. त्याने अकरा पत्रांतून हैबतींचं सांत्वन केलं होतं. सहाव्या पत्रात त्याने उरलेल्या मुलांना जपा असं लिहिलं होतं आणि नवव्यात, ते घर सोडा, असा सल्ला दिला होता.

कोपरा न फाटलेलं एकच कार्ड होतं. ते कोरं होतं, वर नुसता पत्ता आणि 'लिची, लागण १९३८'. पुढचा मजकूर लिहायची वेळ आली नव्हती.

आता एवढ्या सामग्रीवर माणसाने गप्प बसायला हरकत नव्हती. पण पेटीला वाळवी लागली होती. छत्तीस सालापर्यंतच्या इतिहासाच्या कडा तिने संपवल्या होत्या आणि ती सदतिसात शिरली होती. पेटी महाडला आणावी तर दोन हजार एकवीस सालच्या पुरात वाचनालयाचं सगळं खालचं कपाट सावित्री नदीने एकदा वाचून काढलं होतं. येता पावसाळा गोठ्यात काढला तर पणजोबांच्या नावाने उरणार ती माती. पेटीला कुठेतरी कोरडं लोखंडी कपाट मिळवून द्यायचं, एवढं एकच काम ओंकारने मनावर घेतलं होतं आणि आजीला तसा शब्दही दिला होता. आजीने तो ऐकला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. ओंकारचे शब्द तिने याआधीही ऐकले होते.

म्हणून तो लेख. आणि लेखाचं कात्रण त्याने स्वतःच एका कृषी विद्यापीठाच्या अभिलेख विभागाला पाठवलं, हे तो कुणाला सांगत नसे. मे महिन्याच्या शेवटी तिथून फोन आला. डॉ. निशिगंधा म्हणून एक बाई बोलत होत्या. त्यांचा आवाज असा होता, की समोरच्या माणसाला आपण कुठलातरी कागद जोडायला विसरलोय असं वाटावं. त्यांनी सांगितलं, शनिवारी येते. कागद बघते, झाड बघते, दोन्हींचा मेळ बसला तर पेटी विभागाकडे कायमची ठेवून घेते, हैबतराव उतेकर यांच्या नावाने. मग विचारलं, हंगाम आहे, आत्ता फळं असतील ना झाडावर?

ओंकारच्या तोंडून 'हो' गेलं. त्याने नंतर नीलेशला समजावून सांगितलं, की तो 'हो' उत्तर म्हणून नव्हता, संभाषण पुढे सरकावं म्हणून होता.

झाड खरोखर मोठं होतं. शहाऐंशी वर्षांचं, घेर दोन माणसांच्या कवेत न मावणारा, सावली अख्ख्या खळ्यावर. त्याला म्हशी बांधत, त्याच्यावर गोधड्या वाळत घालत. फक्त त्याला कधी मोहोर आला नव्हता. लिचीला फुलायला कडाक्याची थंडी लागते; कोंडावरच्या थंडीत आजी अंगावर एक जादा लुगडं घ्यायची, तेवढ्याने लिचीचं भागत नव्हतं. कोंडावर त्याला हैबतीचं झाड म्हणत. गेल्या दिवाळीत ओंकार त्याखाली उभा राहून विचार करत होता तेव्हा आजी शेण भरता भरता म्हणाली होती, "मरत पन नाय, फळत पन नाय. तुज्यासारकंच हाय." यात कुचकेपणा नव्हता. ती फक्त ओळख करून देत होती.

शुक्रवारी ओंकारने चवदार तळ्याच्या रस्त्यावरच्या हातगाडीवरून पानांसकट पाच किलो लिची घेतली. गाडीवाल्याने विचारलं, घरात काही कार्यक्रम आहे का. ओंकार म्हणाला, हो, तपासणी आहे. नीलेश रविवारी सावित्रीवर गळ टाकून बसायचा, त्यामुळे त्याच्याकडे तंगूस होता, तो काचेसारखा धागा. मासे धरायला केलेल्या धाग्याने फळं झाडाला लावताना नीलेशला काही वावगं वाटलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की कारखान्यातही तपासणीच्या आदल्या दिवशी पाइपांना असाच रंग मारतात.

शनिवारी उजाडताच दोघांनी सत्तेचाळीस घोस बांधले. ओंकारची उंची पाच फूट चार इंच, नीलेशची दोन इंच जास्त. स्टूल आणायचं कुणालाच सुचलं नाही. झाड चाळीस फूट उंच होतं आणि त्याला फक्त खालच्या साडेसहा फुटांत भरघोस फळ लागलं.

आजी धार काढायला बाहेर आली. चरवी हातात घेऊन ती झाडासमोर बराच वेळ उभी राहिली. मग एक घोस तिने हातात धरला, त्याच्या देठाशी बोट फिरवलं आणि सोडून दिला.

"बऱ्या लागल्यात," ती म्हणाली, आणि गोठ्यात गेली.

म्हातारीची नजर गेली, असं ओंकारने नीलेशला हळूच सांगितलं. नीलेशने मान हलवली. दोघांनाही बरं वाटलं.

दहा वाजता फोन आला, की कशेडीच्या बोगद्याच्या तोंडाशी ट्रक बंद पडलाय, मॅडम अडकल्यात, दोन तास तरी उशीर. याच दोन तासांत गोष्ट ओंकारच्या हातून गेली. तशी ती त्याच्या हातात फार वेळ नव्हतीच.

आधी शेजारची विठाबाई आली. झाड बघून परत गेली आणि जरीकाठाचं लुगडं नेसून आली. मागून आणखी आठ-दहा बायका आल्या. कुणाच्या हातात सुपात तांदूळ, कुणाच्या नारळ, कुणाच्या खण आणि हिरव्या बांगड्या. पहिलटकरणीची भरतात तशी त्या झाडाची ओटी भरणार होत्या. शहाऐंशीव्या वर्षी दिवस गेले म्हणजे कोंडाच्या मानानेही उशीरच होता. फांदीला बांगड्या अडकवल्या. खोडाला खण गुंडाळला, तो पुरेना तेव्हा दुसरा जोडला. म्हशींना आज दुसरीकडे बांधलं. थोरली म्हैस पंधरा वर्षांच्या वहिवाटीने पुन्हा पुन्हा तिथेच यायला बघत होती. आजीने स्वतः हळदकुंकू लावलं.

मग नाथूतात्या आला. कोंडावर देवाचं बघायचं काम त्याच्याकडे. त्याने सांगितलं, की पहिलं फळ कोंडाच्या देवीला, झोलाईला चढवायचं, त्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. आणि तो तोडायला पुढे झाला. ओंकारने त्याला अडवलं. शास्त्रीय तपासणी व्हायची आहे, मॅडम येईपर्यंत हात लावता येणार नाही, असं तो ज्या आवाजात बोलला त्याने नीलेशलाही वाटलं, की खरंच तपासणी असावी. तात्या मागे सरला आणि झाडाखाली पान लावत बसला. देव वाट बघेल, म्हणाला, त्याला पुढे कुठं जायचं नाय.

 आतापर्यंत ओंकारने एका बाईला फसवायचं ठरवलं होतं, ते त्याला झेपण्यासारखं वाटत होतं. आता त्याने एक गाव, एक देवी आणि एक गरोदर झाड फसवलं होतं.

साडेबाराला निशिगंधा मॅडम धापा टाकत चढून आल्या. पाठीला पिशवी, पायात बूट, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी बांगड्या भरलेलं झाड पाहिलं. फळं पाहिली. झाडाभोवती एक फेरी मारली, वर शेंड्याकडे पाहिलं, मग ओंकारकडे, डोक्यापासून पायापर्यंत. ते उंची मोजल्यासारखं पाहणं ओंकारला आवडलं नाही.

"आधी कागद बघू," त्या म्हणाल्या.

खळ्यात घोंगडी टाकली. बायका गेल्या नव्हत्या. त्या कडेने बसल्या. ओंकारने केलेली सूची त्याने मॅडमच्या हातात दिली. ती त्याने छान टाइप केली होती. बंडल एक ते सात: मयत झाडांची कार्डं व नोंदी. बंडल आठ: सांत्वनपर पत्रे. बंडल नऊ: मुळांच्या वाढीच्या आकृत्या. बंडल नऊबद्दल त्याने खाली अर्धं पान टीपही लिहिली होती, की या आकृत्यांत हैबतरावांनी जमिनीखाली जाणारी गुंतागुंतीची मुळं रेखाटली असून ती डावीकडून उजवीकडे वाढताना दिसतात, हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगं आहे.

मॅडमनी बंडल नऊ उघडलं. पान थोडं लांब धरलं. मग ते सुलट फिरवलं.

"ही मोडी आहे," त्या म्हणाल्या.

ओंकारला मोडी लिपी असते हे माहीत होतं. आपल्या घरात असेल असं वाटलं नव्हतं. हैबती लोकांसाठी बाळबोध लिहीत आणि स्वतःसाठी मोडी, एवढंच. आपण पणजोबांचं मन उलटं धरून त्याला मुळं म्हटलं, याची टीप आता टाइप करावी लागेल, हा विचार त्याच्या मनात आला, कारण त्याहून मोठा विचार करायला जागा नव्हती.

मॅडमना मोडी येत होती. त्यांच्या विभागात ती शिकवतात. शेवटचं पान काढून त्या अडखळत, एकेक शब्द सोडवत मोठ्याने वाचू लागल्या.

"आज ज्येष्ठ वद्य पंचमी, सन सत्तावन. शेतकी खात्याचे साहेब लिची पाहावयास येणार म्हणून मुंबईहून अडीच शेर लिची आणविली. माझे हात थरथरतात म्हणून सूनबाईने झाडास बांधली. तिच्या गाठी पक्क्या. साहेबांनी एक फळ ओढून पाहिले, ते सुटले नाही. तेव्हा सूनबाईने विळ्याने कापून दिले. साहेब खाऊन म्हणाले, गोड आहे. मीही एक खाल्ले. खरेच गोड होते. एकोणीस वर्षे त्या झाडाखाली उभा राहून ही चव कशी असेल याचा विचार करीत होतो. ती मुंबईच्या फळाने सांगितली. यापुढे बागेची नोंद लिहिणार नाही."

 सत्तावन साली हैबतींना सून एकच होती. ती आता सुपातले तांदूळ निवडत बसली होती. ओटीच्या तांदळात खडे निघणं तिला पसंत नव्हतं.

ओंकारने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. हवामान, उत्परिवर्तन, असे शब्द त्याने तयार ठेवले होते. 

"ही पण बांधलीत," तो म्हणाला. "आम्हीच. पहाटे. तात्या, देवीला ते फळ नको. चवदार तळ्यावरच्या गाडीवरचं आहे."

नाथूतात्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "ठावं हाय," तो म्हणाला. "माजा पोरगा वाशीच्या मार्केटात हमाल हाय. लिची मला नवी नाय."

मग ही ओटी कशाला, असं ओंकारने विचारलं नाही, पण त्याच्या तोंडावर ते आलं असावं, कारण उत्तर आजीने दिलं.

"झाडाची कुनी भरलीच नवती रे कदी. एवडं वरीस आमची पोरं त्याच्या सावलीला वाढली, म्हशी व्याल्या, आनि त्याला आपलं वांझ वांझ. फळ कुटलं का असना. मामंजींच्या टायमालाच भरनार व्हते, तर सायेब लगेच गेला." मग तिने तांदळातून मान वर केली. "आनि तुज्या गाठी कच्च्या हायेत. मी सकाळी बगितल्या. दोन घोस म्हशीनं खाल्लं."

मॅडम झाडाशी गेल्या. एक फळ ओढलं. ते तंगुसासकट हातात आलं. त्यांनी साल काढली, फळ खाल्लं, बी रुमालात गुंडाळून ठेवली आणि आपल्या तक्त्यात लिहायला लागल्या. ओंकारला तो तक्ता उलटा दिसत होता, पण उलटं वाचायचा त्याला आता सराव होता. 'झाडाची सद्यस्थिती: जिवंत. फळधारणा: नाही. बांधणी: दोन वेळा (१९५७ व चालू वर्ष). दुसरी बांधणी निकृष्ट.'

मग त्या बोलल्या ते थोडकंच. पेटी त्या घेतील. यशस्वी बागांची त्यांच्याकडे चौदा कपाटं भरली आहेत, मेलेल्या झाडांचं एकही नाही. मेल्यावर कळवायची तसदी आजवर कुणी घेतलेली नाही. पण एक अडचण आहे. फाइलला पहिलं कात्रण लागलंय ते ओंकारच्या लेखाचं, आणि त्यात 'आजही फळं देतं' असं छापलंय. त्याच साप्ताहिकात, त्याच्याच नावाने, त्याचं खंडन छापून आलं पाहिजे. ते कात्रण आलं की जीप येईल. पावसाच्या आत. खंडन नाही तर पेटी नाही.

झोलाईला शेवटी नारळ चढवला. लिची बायकांनी पोरांना वाटली.

रविवारी ओंकार बिरवाडीच्या खोलीत खंडन लिहायला बसला. ईमेलवर आठ मसुदे केले. पहिल्यात चूक छपाईची होती. तिसऱ्यात ती हवामानाची झाली. सहाव्यात त्याने आजीवर थोडी ढकलली, मग पुसली. शेवटी सोमवारी तो पोस्टात गेला आणि पोस्टकार्ड मागितलं. खिडकीवरच्या बाईने खण शोधून एक काढून दिलं आणि विचारलं, कसल्या स्पर्धेला पाठवायचंय.

कार्डावर जागा कमी असते. त्यामुळे खोटं बोलायला वाव राहत नाही. ओंकारने लिहिलं:

'मा. संपादक, कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कोकणच्या लिचीविषयी मी लिहिले ते खरे नव्हते. झाड जिवंत आहे. त्याला एकदाही फळ आलेले नाही. दोनदा बांधले, ते वेगळे. बाकी त्रेचाळीस झाडे वारली. सर्व नोंदी हैबती उतेकर यांनी बिनचूक ठेवल्या असून चूक माझी आहे. आपला, ओंकार उतेकर, आडाचा कोंड.'

वाचून बघितलं तर एकतीस वर्षांत त्याने लिहिलेला हा पहिलाच मजकूर होता ज्यातला एकही शब्द वाक्याला शेवट हवा म्हणून आला नव्हता. आपल्या घरात अशी बातमी कळवायची एक पद्धत आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याने कार्डाचा उजवा वरचा कोपरा फाडला आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.

रामजीकाकांचं वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यात त्यांनी कोपरा फाटलेली शेकडो कार्डं हातात घेतली होती, आणि तशा कार्डावर माणूस आधी काय बघतो, तर नाव. नाव ओंकार उतेकर होतं. मयताने स्वतःच कळवलंय हे त्यांना जरा विचित्र वाटलं, पण हल्लीची मुलं सगळं स्वतःच करतात.

गुरुवारी सकाळी ओंकार वाचनालयात गेला तेव्हा सगळे उभे होते. तोही उभा राहिला. दोन मिनिटं झाली, सगळे बसले, आणि ग्रंथपालांनी डोळे उघडल्यावर त्याला पाहिलं. कोणासाठी उभे होतो, हे ओंकारला तेव्हा कळलं. उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली.

साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो होता, यूट्यूबवरून घेतलेला. त्यात तो एका बुरुजाकडे बोट दाखवत होता, त्यामुळे वर जात असल्यासारखा दिसत होता. 'तरुण संशोधकास भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याने उभ्या आयुष्यात केलेली सगळी कामं आत दिली होती आणि ती सगळी पूर्ण केल्याचंही दिलं होतं. अळंबी उद्योगातल्या योगदानाचा वेगळा परिच्छेद होता. आणि खाली चौकटीत, 'दिवंगताचे अखेरचे पत्र' या मथळ्याखाली, कार्डाचा मजकूर. शब्द न् शब्द.

दुपारी निशिगंधा मॅडमचा फोन आला.

"खंडन मिळालं," त्या म्हणाल्या. "शब्दशः आहे, चालेल. जीप शनिवारी येईल." मग त्यांनी विचारलं, "वरचा भाग पण ठेवू ना? बंडल दहा करते."

ओंकार म्हणाला, ठेवा. या वेळी त्याने 'हो' म्हणायची घाई केली नव्हती.

शनिवारी चार माणसांनी पेटी डोंगरावरून उतरवली. पुढल्या आठवड्यात विद्यापीठाची पोच आली. कागदपत्रे सुस्थितीत प्राप्त, कपाट क्रमांक पंधरा, संग्रहाचे नाव: हैबतराव उतेकर. त्याखाली एका ओळीत: 'कै. ओंकार उतेकर यांजकडून.' तिकडे जो कोणी कारकून होता त्यानेही बहुधा मजकूर वाचला नसावा.

ओंकार आणि नीलेश ती पोच आणि साप्ताहिकाचा अंक घेऊन कोंडावर गेले. आजीला वाचता येत नाही. झाडाखाली म्हैस पुन्हा आपल्या जागी बांधली होती. फांदीवर दोन बांगड्या अजून लटकत होत्या. नीलेशने पोच वाचली, कपाटाचा नंबर आजीला दोनदा सांगितला. मग त्याने सगळी श्रद्धांजली वाचून दाखवली, अळंबीसकट. आजीने निधनाची ओळ पुन्हा वाचायला लावली. ती धार काढत होती आणि तिचा हात थांबला नाही.

"चला," ती म्हणाली. "मरनं का फळनं, दोनातलं एक तरी झालं."

मग तिने चरवी उचलली, घराकडे दोन पावलं गेली आणि वळून ओंकारच्या हातातल्या अंकाकडे पाहिलं.

"त्ये घरात आनू नको. गोठ्यात ठेव, माळ्यावर. जागा झालीय आता."